नकार द्या, पण लेखी द्या, कारणासह द्या!

चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर, वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळकोविल-श्रीपेरुंबुदूर हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, ते गाव ओरगडम. भातशेतीच्या आणि तळ्यांच्या या कांचीपुरम जिल्ह्यात २०१० साली रेनॉ-निस्सानचा मोटारींचा आणि २०१२ साली डाइमलरचा मालमोटारींचा कारखाना सुरू झाला. मागोमाग रॉयल एनफिल्ड आली, शेजारच्या वल्लम वडगलला यामाहा आली, आणि सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांची रांगच लागली. येथे महिन्याला किती गाड्या तयार होतात ते कंपन्या आनंदाने सांगतात. किती कोटींची गुंतवणूक आली ते सरकार सांगते. परंतु या पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवरून आणि कंत्राटदारांच्या कचेऱ्यांतून दररोज किती तरुण-तरुणींना परत पाठविले जाते, आणि कोणत्या कारणाने, हे सांगणारा एकही कागद कोणाच्या दप्तरात नाही. या न लिहिलेल्या कागदाविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे.

ओरगडमहून फार दूर नाही अशा सुंगुवरछत्रम येथे तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीचा, ॲपलचे आयफोन जुळविण्याचा प्रचंड कारखाना आहे. मार्च २०२३ मध्ये विशीतल्या दोन बहिणी व्हॉट्सॲपवरील नोकरीची जाहिरात वाचून गावाहून बसने तेथे आल्या. फाटकावर सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांना एकच प्रश्न विचारला : लग्न झाले आहे का? झाले आहे असे उत्तर मिळताच त्यांना परत फिरविण्यात आले. शिक्षण किती, हात किती चपळ, नजर कशी, याची चौकशी झालीच नाही. बसस्थानकापासून त्यांना घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्यानेसुद्धा वाटेत सांगितले होते की तेथे लग्न झालेल्या बायकांना घेत नाहीत. म्हणजे जो नियम रिक्षावाल्याला ठाऊक होता, तो कंपनीच्या एकाही जाहीर कागदावर नव्हता. उलट कंपनीच्या आणि ॲपलच्या आचारसंहितेत वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करू नये असेच छापलेले होते!

ही हकीकत रॉयटर्स वृत्तसंस्थेने २५ जून २०२४ रोजी प्रसिद्ध केली. कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने त्या वृत्तात दिलेली माहिती कामगार चळवळीतील प्रत्येकाने नीट समजून घेण्यासारखी आहे. भरतीचे हे नियम कंपनीचे अधिकारी कामगार पुरविणाऱ्या एजन्सींना तोंडी कळवीत असत. एजन्सी ते आपल्या माणसांना सांगणार, आणि शेवटी फाटकावरील पहारेकरी ते अमलात आणणार. लग्न झालेल्या स्त्रीवर घरची जबाबदारी असते, ती गरोदर राहते, तिचे खाडे होतात, अशी त्यामागची कारणे. जोडीला दागिन्यांचे कारण होतेच : तमिळ भगिनींची ताली आणि मेट्टी, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र आणि जोडवी, यांच्या धातूमुळे नाजूक उत्पादनाला अपाय होतो म्हणे. मात्र मागणीचा हंगाम आला आणि मुली कमी पडू लागल्या की हाच नियम सैल केला जाई, असेही त्याच वृत्तात नमूद आहे. धातू जर अपायकारक असेल तर तो हंगामात निरुपद्रवी कसा होतो, हे कोणी सांगितलेले नाही.

कंपनीने आरोप नाकारले. धातूविषयीचा नियम सुरक्षिततेसाठी आहे आणि तो विवाहित-अविवाहित सर्वांना लागू आहे, तसेच नव्याने घेतलेल्या स्त्रियांपैकी २५ टक्के विवाहित आहेत, अशी माहिती तिने सरकारला दिल्याचे वृत्त आले. केंद्रीय कामगार मंत्रालयाने तमिळनाडू सरकारकडे अहवाल मागितला. १ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन नोटिसा काढल्या. कामगार खात्याचे अधिकारी कारखान्यात गेले, कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटले, आणि कामावर असलेल्या चाळीस विवाहित स्त्रियांशी बोलले. आमच्या बाबतीत भेदभाव झाला नाही, असे या स्त्रियांनी सांगितले. खात्याच्या अहवालाप्रमाणे तेव्हा कारखान्यात ३३,३६० स्त्रिया काम करीत होत्या आणि त्यांपैकी २,७५० विवाहित होत्या. हे प्रमाण सुमारे ८ टक्के पडते. ज्या देशात मुलींची लग्ने विशीच्या आसपास उरकली जातात, तेथे तेहतीस हजारांत पावणेतीन हजार हा आकडा स्वतःच पुष्कळ काही बोलतो. परंतु चौकशी करणाऱ्यांना तो बोललेला ऐकू आला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मानवाधिकार आयोगानेच ही चौकशी पुरेशी नसल्याचे म्हटले. अधिकाऱ्यांनी भरतीची कागदपत्रे आणि जाहिराती तपासावयास हव्या होत्या, कामावर असलेल्या स्त्रियांच्या जबान्यांवर विसंबून मूळ प्रश्नच बाजूला पडला, असा आयोगाचा आक्षेप होता आणि फेरतपासणीचा त्याचा आदेश होता. आक्षेप योग्यच आहे. ज्यांना आत घेतले त्यांना जाऊन विचारावयाचे की तुम्हाला बाहेर ठेवले काय, यापेक्षा निरर्थक चौकशी कोणती? पण त्याचबरोबर दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. ज्यांना बाहेर ठेवले त्यांना अधिकारी शोधणार कसे? त्यांचे नाव लिहिलेले नाही. त्या कोणत्या दिवशी आल्या याची नोंद नाही. त्यांना का परत पाठविले याचा कागद नाही. भेदभावाचा पुरावा दडपावा लागला नाही. तो निर्माणच होऊ दिला गेला नाही. नकार तोंडी देण्याचा मालकाला होणारा खरा लाभ हा आहे.

या देशाच्या कायद्याने नोकरीचा उमेदवार या माणसाला जवळजवळ अस्तित्वच दिलेले नाही. १९५९ च्या कायद्याने मालकांवर बंधन घातले की रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्या. परंतु त्या कार्यालयाने पाठविलेल्यांनाच घ्यावे असे बंधन त्याच कायद्याने घातले नाही, आणि ज्याला घेतले नाही त्याला तसे कळवावे असा तर शब्दही त्यात नव्हता. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे आणि सेवायोजन कार्यालयाचे नामकरण करिअर सेंटर असे झाले आहे. पाटी बदलली, नकाराविषयीचे मौन कायम राहिले. १९७५ च्या वटहुकुमातून आलेल्या १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीच्या वेळी स्त्रियांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्यावर ही तरतूद २०१९ च्या वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमात गेली आहे. पण वैवाहिक स्थिती हा शब्द तेथे नाही. म्हणजे आम्ही स्त्रियांना नाकारीत नाही, आमच्याकडे हजारो स्त्रिया आहेत, असे म्हणत लग्न झालेलीला नाकारण्याची फट उघडीच आहे. आणि समजा न्यायालयाने अर्थ लावून ही फट बुजविली, तरी तक्रार करणारीने सिद्ध काय करावयाचे? फाटकावर दोन मिनिटे झालेले बोलणे?

लेखी नियम आणि तोंडी नियम यांतील फरक किती मोठा आहे हे मुंबईच्या कामगारवर्गाने साठ वर्षांपूर्वी अनुभवाने शिकले आहे. इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषध कंपनीच्या वेष्टन आणि लेबले लावण्याच्या विभागात नियम होता की स्त्री कामगाराने लग्न केले की तिची नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियनने त्याविरुद्ध औद्योगिक विवाद उपस्थित केला. लवादाने युनियनची मागणी फेटाळली. युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६५ साली जिंकली. मालकाचा युक्तिवाद काय होता? या विभागात काम गटागटाने चालते, हजेरी नियमित लागते, आणि लग्न झालेल्या बायका जास्त खाडे करतात. श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात आज ऐकू येणारा हाच युक्तिवाद, अक्षरशः हाच! न्यायालयाने म्हटले की विवाहित आणि अविवाहित स्त्रियांच्या हजेरीत फरक पडलाच तर तो बाळंतपणाच्या रजेपुरता पडेल, आणि त्याची सोय रजेच्या बदली म्हणून थोड्या जादा स्त्रिया नेमून सहज करता येईल. नियम रद्द झाला. पुढे १९७९ मध्ये मुथम्मा यांच्या खटल्यात परराष्ट्र सेवेतील स्त्रियांच्या विवाहावरील बंधनांचा समाचार न्यायालयाने घेतला, तर १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणी घरी पाठविण्याचा नियम रद्द केला.

या सर्व लढ्यांत एक गोष्ट समान होती. नियम छापलेला होता. तो मालकाच्या सेवाशर्तींत होता, सरकारच्या नियमावलीत होता, तो हातात धरून न्यायालयापुढे ठेवता येत होता. मालकवर्गाने या निकालांपासून जो धडा घेतला तो स्त्रियांना समान वागविण्याचा नव्हे; नियम कागदावर ठेवू नये, हा होता. आणि नोकरीतून काढण्याऐवजी नोकरीतच घेऊ नये, म्हणजे विवादच नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सनेच पुन्हा वृत्त दिले की फॉक्सकॉनने एजन्सींना जाहिरातींतून वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीच्या अटी काढून टाकण्यास सांगितले आहे, आणि जाहिरातीत कंपनीचे नावही घालू नका असे बजावले आहे. अट जाहिरातीतून गेली, हे चांगले झाले. पण ती भरतीतून गेली की नाही हे जाणण्याचा उमेदवाराजवळ कोणता मार्ग आहे? आता तर आपल्याला कोणत्या कंपनीने नाकारले हेही तिला जाहिरात दाखवून सांगता येणार नाही.

या कंपन्या ज्या देशांतून आल्या तेथे त्या काय करतात, हे आपल्या सरकारांनी एकदा पाहावे. तैवानमध्ये १९८७ साली सन यत्-सेन स्मारक सभागृह आणि काओशुंगचे सांस्कृतिक केंद्र येथील ५७ स्त्रियांनी, तिशी उलटली किंवा दिवस राहिले की राजीनामा द्यावा लागेल या अटीविरुद्ध आवाज उठविला. तेथून सुरू झालेल्या दीर्घ लढ्यातून २००२ साली स्त्री-पुरुष समान रोजगाराचा कायदा झाला. विवाह वा गरोदरपण या कारणाने नोकरी सोडण्याची अट घालण्यास त्याने मनाई केली, आणि तैवानच्या रोजगार सेवा कायद्यात भेदभावाच्या निषिद्ध कारणांमध्ये वैवाहिक स्थिती नावानिशी आहे. दक्षिण कोरियाने २०१४ साली भरतीच्या न्याय्य पद्धतीचा कायदाच केला. तीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनेने निवड पक्की होताच उमेदवारांना विलंब न लावता निकाल कळविलाच पाहिजे, असे तो सांगतो. उमेदवाराची कागदपत्रे परत करण्याचीही तजवीज त्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर अर्जात वैवाहिक स्थिती, रूप, जन्मगाव, मालमत्ता, आईबापांचा व्यवसाय अशा गोष्टी मागण्यालाच बंदी केली, आणि मोडणाऱ्यास पन्नास लाख वॉनपर्यंत दंड ठेवला. सॅमसंगचा कारखाना सुंगुवरछत्रमला आहे, ह्युंदाईचा इरुंगट्टुकोट्टईला. सोलच्या उमेदवाराला निकाल कळविण्याची ज्यांना कायद्याने सवय लागली आहे, त्याच भांडवलाला कांचीपुरमच्या उमेदवाराला निकाल कळविणे अवघड का जावे?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम लागू झाला आहे की पंचवीस वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने, जाहीर केलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली त्याला ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवावे. जर्मनीत २००६ च्या समान वागणूक कायद्याप्रमाणे भेदभावाने नाकारलेल्या उमेदवाराला भरपाई मागता येते, आणि मागणीची दोन महिन्यांची मुदत मोजली जाते ती नकार हाती पडल्यापासून. हे काही समाजवादी देश नव्हेत. मालकाचे मालकपण तेथे कोणी हिरावून घेतलेले नाही. तरीही नकार ही तारीख असलेली, कायद्याच्या नजरेत मोजली जाणारी घटना आहे, एवढे तेथील कामगारवर्गाने मान्य करवून घेतले आहे.

आपल्याकडे मालकाचा लाडका शब्द आहे ‘कळवू’. चाकणला हाच, वाळूजला हाच, बुटीबोरीला हाच. मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, दाखल्यांच्या प्रती घेतल्या. आता घरी जा, कळवू. या शब्दाला मुदत नाही. आणि त्यात नुसते सौजन्य कमी पडते अशातला भाग नाही. बेकारांची जी राखीव फौज भांडवलशाहीला सतत लागते, ती फाटकापासून फार दूर जाऊ न देण्याचे काम हा शब्द करतो. स्पष्ट नकार मिळालेला तरुण दुसरीकडे जाईल, किंवा चार जणांना विचारील की मला का नाकारले. ‘कळवू’ ऐकलेला तरुण दूरध्वनी जवळ ठेवून बसतो. तो गावी परतत नाही, भाड्याच्या खोलीत आणखी एक महिना काढतो, आणि हंगाम आला की कमी पगारावर उभा राहण्यास तयार असतो. आत काम करणाऱ्याला मालक दाखवितो तो हाच तरुण : तुला नको असेल तर बाहेर बघ किती उभे आहेत.

शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेल्यांची गोष्ट तर याहून वाईट. ओरगडमच्या कारखान्यांत काय किंवा आपल्या पुणे पट्ट्यात काय, कायम कामगाराशेजारी त्याच यंत्रावर उभा असलेला हा मुलगा मुदत संपताच नाहीसा होतो. त्याला काढले असे कोणी म्हणत नाही, कारण त्याला नोकरी दिलीच नव्हती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर घातले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने मात्र प्रत्येक मालकाने शिकाऊंना नोकरीत घेण्याविषयी स्वतःचे धोरण ठरवावे असे म्हटले, आणि इतर बाबी समान असल्यास शिकाऊला बाहेरच्या उमेदवारापेक्षा अग्रक्रम द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले होते. हे धोरण किती कारखान्यांच्या सूचनाफलकावर लागले आहे, हे आमच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वसाहतीत जाऊन पाहावे.

सरकारी भरतीत निदान यादी लागते. महाराष्ट्रातील २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या वर्गातील उमेदवाराकडून एक हजार रुपये शुल्क घेण्यात आले. नाकारले जाण्यासाठी बेकाराने सरकारला हजार रुपये मोजावे, हा प्रकार स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे. तरीही तेथे गुण कळतात, आणि परीक्षार्थीला आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहितीच्या अधिकाराखाली आहे हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. खाजगी कारखान्याच्या फाटकाशी हा सगळा अधिकार संपतो.

मालक म्हणतील, हजारो अर्ज येतात, प्रत्येकाला पत्र कसे लिहावे? ज्या कारखान्यात हजारो कामगारांच्या हजेरीची क्षणाक्षणाची नोंद यंत्रे ठेवतात आणि ज्यांची जाहिरात एका बोटाने लाखो दूरध्वनींवर पोहोचते, त्यांच्या तोंडी ही अडचण शोभत नाही. जाहिरात जेथून आली तेथूनच निकालही येऊ शकतो. आणि भांडवलदार एकमेकांना नकार देताना किती व्यवस्थित देतात ते पाहा. वेदांताबरोबरचा १९.५ अब्ज डॉलरचा अर्धवाहकांचा प्रकल्प, जो आधी महाराष्ट्रात येणार म्हणून गाजला आणि २०२२ मध्ये गुजरातेत गेला, त्यातून अंग काढून घेताना जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने रीतसर जाहीर निवेदन काढले. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या फाटकावर आलेल्या त्या दोन बहिणींच्या वाट्याला चिठ्ठीसुद्धा आली नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येईल. नोकऱ्याच नाहीत तेथे नकाराच्या पत्राचे काय कौतुक? पत्राने पोट भरत नाही, हे खरे. परंतु मुंबईच्या कामगार चळवळीने फाटकाबाहेरच्या माणसाचा प्रश्न कधी क्षुल्लक मानला नव्हता. गिरण्यांच्या दारात रोज सकाळी जॉबर बोट दाखवील तो आत आणि उरलेला परत, ही पद्धत होती. १९३५ च्या बदली नियंत्रण योजनेने बदलीच्या हातात निदान एक कार्ड आले. बंदरात तर त्याहून पुढे मजल गेली. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली झालेल्या योजनेत, हजर राहूनही काम न मिळालेल्या राखीव कामगाराला हजेरीभत्ता मिळू लागला, आणि कामावर बोलावून काम सुरूच न झाल्यास निराशेचा मोबदलाही ठेवण्यात आला. ‘निराशेचा मोबदला’ हे शब्द कोणा कवीचे नाहीत, सरकारी योजनेतील आहेत. माणसाला बोलावले, त्याचा दिवस गेला, आणि काम दिले नाही, तर त्या दिवसाची किंमत बोलावणाऱ्याने मोजावी, हे तत्त्व गोदी कामगारांनी मालकांकडून वदवून घेतले. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा याच विचाराच्या कुळातला.

म्हणून आमची मागणी पत्रापुरती नाही. ज्याचा अर्ज घेतला वा ज्याला फाटकावर बोलावले, त्या प्रत्येकाचे नाव आणि तारीख नोंदवहीत असावी. जाहिरात एजन्सीने दिली तरी नोंदीची जबाबदारी मूळ मालकाची असावी. मुलाखत झालेल्यास तीस दिवसांच्या आत, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत निकाल मिळावा. ओरगडमच्या पट्ट्यात ओडिशा, बिहार, झारखंड, आसाममधून आलेले हजारो मजूर आहेत; त्यांना इंग्रजी चिठ्ठी देणे म्हणजे न देणे होय. नकाराचे कारण एका ओळीत का होईना लिहावे. पात्रता कमी, चाचणीत गुण कमी, जागा भरली, जे असेल ते. वैद्यकीय तपासणीत अयोग्य ठरविलेल्याला तपासणीचा अहवाल द्यावा, कारण तो त्याच्या शरीराचा आहे, कंपनीचा नव्हे. मूळ दाखले एक दिवसही ठेवून घेऊ नयेत. लग्न, मुले, गरोदरपण, जात, धर्म यांविषयी प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरावा. बोलावून परत पाठविलेल्यास जाण्यायेण्याचा खर्च मिळावा. आणि लेखी कारण दिले नाही तर भेदभाव झाला असे गृहीत धरून तो झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावा. ही शेवटची तरतूद नसेल तर बाकीच्या सर्व तरतुदी शोभेच्या ठरतील, हे आम्ही मुद्दाम सांगून ठेवतो. छापील साच्यातले ‘आपली निवड होऊ शकली नाही’ एवढे वाक्य पाठवून मालक मोकळे होतील, आणि ते कारण नव्हे.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. दिल्लीच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे कारण तमिळनाडूला नाही आणि महाराष्ट्रालाही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये वल्लम वडगल येथे ७०० कोटींहून अधिक खर्चाने १८,७२० कामगार स्त्रियांची निवासव्यवस्था उभी राहिली, ती तमिळनाडू सरकारच्या पुढाकाराने, फॉक्सकॉनच्या कामगारांसाठी. जमीन, रस्ते, पाणी, वीज आणि आता वसतिगृहेसुद्धा ज्यांना सार्वजनिक पैशातून मिळतात, त्यांच्या भरतीची नोंदवही तपासण्याचा हक्क जनतेला असलाच पाहिजे. तो करारातच लिहून घ्यावा.

मौनाने नाकारण्याची कला एकट्या मालकांनाच अवगत आहे असे मात्र नाही. सॅमसंगच्या कामगारांनी २०२४ साली आपल्या युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा निबंधकाने होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ९ सप्टेंबर २०२४ पासून एक हजाराहून अधिक कामगारांनी सदतीस दिवस संप केला, डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सहा आठवड्यांची मुदत घालून दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी झाली. उत्तर देण्यास मुदत बांधून दिली की उत्तर मिळते, हा अनुभव त्याच सुंगुवरछत्रमचा आहे.

कायदा होईपर्यंतही युनियनांच्या हातात साधन आहे. औद्योगिक विवादाच्या व्याख्येत ‘कोणत्याही व्यक्तीला’ कामावर ठेवणे वा न ठेवणे यासंबंधीचा वाद येतो, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे शब्द ठेवले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या दिमाकुची चहामळ्याच्या निकालात त्यांना मर्यादा घातली ती इतकीच की त्या व्यक्तीच्या कामाशी आतल्या कामगारांचा खराखुरा हितसंबंध जुळलेला असावा. ज्या कारखान्यात मुलगी आज अविवाहित म्हणून कामावर आहे आणि उद्या लग्न करणार आहे, तेथे विवाहितेला नाकारण्याच्या प्रथेशी तिचा हितसंबंध नाही असे कोण म्हणेल? मुंबईच्या बॉम्बे लेबर युनियननेही लग्नाच्या अटीविरुद्धचा लढा आतूनच लढविला होता. तेव्हा वाटाघाटींच्या मागणीपत्रकात भरतीची नोंदवही आणि लेखी नकार ही कलमे घाला. कारखान्याच्या फाटकाजवळ आणि बसस्थानकावर महिन्यातून दोन दिवस टेबल मांडा. परत पाठविलेल्यांचे नाव, तारीख, एजन्सी, कोणी काय विचारले, हे त्यांच्या सहीनिशी उतरवून घ्या आणि प्रत कामगार उपायुक्तांकडे पोच घेऊन द्या. पुढच्या वेळी आयोगाने कागद मागितले, तर ते कोणाच्या तरी दप्तरात असतील.